व्हॅनच्या शेवटच्या सीटचे काय? : नितीन गडकरी यांना खुले पत्र

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली



२२ ऑगस्ट २०२३ रोजी आपण ‘भारत एनकॅप’ ही देशाची स्वतःची क्रॅश टेस्ट योजना जाहीर केली आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून ती सुरू झाली. गाडी घ्यायला निघालेला माणूस पूर्वी शोरूममध्ये दोनच गोष्टी विचारायचा, ‘देते किती?’ आणि ‘हप्ता किती?’ आता तो ‘स्टार किती?’ असेही विचारतो. ही सवय लोकांना लागली याचे मोठे श्रेय आपले आहे. पण या ताऱ्यांच्या हिशेबात एक जागा धरलेलीच नाही. समोरून होणाऱ्या धडकेच्या चाचणीत पुढच्या दोन सीटवर मोठ्या माणसांचे पुतळे बसवतात आणि त्यांच्या मागच्या रांगेत दीड वर्षाच्या व तीन वर्षांच्या मुलांचे. गाडीला तिसरी रांग असली तरी तिथे कुणीच नसते. सिहोऱ्याच्या रस्त्याने धावणाऱ्या व्हॅनची तिसरी रांग मात्र सहसा रिकामी नसते. हे पत्र त्या रांगेतल्या प्रवाशाबद्दल आहे.

सिहोरा आपल्याला अपरिचित नाही. भंडारा जिल्ह्यातला तुमसर तालुका, त्याच्या उत्तरेच्या अंगाला मध्य प्रदेशाच्या सीमेजवळचे हे गाव. तुमसरहून निघालेला रस्ता सिहोऱ्यावरून बपेऱ्याकडे जातो आणि पुढे बालाघाट जिल्ह्यात शिरतो. आजूबाजूला धानाच्या बांध्या, जवळ चांदपूरचा तलाव आणि तिथला हनुमान. इथल्या माणसाचे जगणे चारचाकीशिवाय अडतेच असे नाही; एसटी आहे, काळी-पिवळी आहे, दारोदारी दुचाकी आहे. पण रात्री अकराला बाळंतीण तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायची असते. तिथून डॉक्टर भंडाऱ्याला पाठवतात आणि भंडाऱ्याहून नागपूरचे ‘मेडिकल’ गाठावे लागते. अशा रात्री दुचाकी कामाची नाही आणि एसटीची वेळ टळलेली असते. मग गावात ज्याच्या दारात व्हॅन उभी आहे त्याचे दार वाजते.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्री झाडीपट्टीची नाटके होतात, लेकी-जावई, मावश्या, आत्या सगळे एकाच गाडीने या गावाहून त्या गावाला जातात. महाशिवरात्रीला गायमुखची यात्रा. उन्हाळ्यात लग्ने. रोवणीच्या दिवसांत बाया बांधीपर्यंत सोडायच्या. छोटी कार या कामांना पुरत नाही आणि मोठी सात सीटर गाडी परवडत नाही. म्हणून इथला माणूस स्वस्त व्हॅन घेतो. कंपन्या तिला काही म्हणोत, गावात ती ‘व्हॅन’ नाहीतर थेट ‘ईको’.

या गाडीची वंशावळ जुनी आहे. मारुतीची पहिली व्हॅन १९८४ साली आली. ८०० कारचेच ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे इंजिन तिच्यात होते, पुढे तिचे नाव ओम्नी झाले. डॉक्टरांपासून दूधवाल्यापर्यंत आणि शाळेपासून तिरडीपर्यंत सगळ्यांनी ती वापरली. तिच्यात चालकाच्या गुडघ्यापुढे पत्र्याशिवाय काही नव्हते. अपघातसुरक्षेचे नवे नियम आले तेव्हा तिला त्यात बसवणे शक्य झाले नाही आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मधल्या काळात, २००१ मध्ये, कंपनीने व्हर्सा आणली होती. जाहिरातीत अमिताभ आणि अभिषेक बच्चन होते, तरी ती चालली नाही. लोकांना व्हॅन हवी होती ती स्वस्त. जानेवारी २०१० मध्ये तोच सांगाडा साधा करून ईको आली. दिल्लीत तिची शोरूम किंमत २ लाख ५९ हजारांपासून सुरू होत होती. फेब्रुवारी २०२३ पर्यंत ईकोने विक्रीचा १० लाखांचा टप्पा ओलांडला.

आता इथल्या मापाने एक हिशेब. सिहोऱ्यात पैशाचे मोल धानात कळते. गाडीचे डाऊन पेमेंट होते तेही धानाचे चुकारे खात्यावर आल्यावर. २००९-१० च्या हंगामात साध्या धानाला केंद्राचा आधारभूत भाव ५० रुपये बोनस धरून क्विंटलला १,००० रुपये होता. म्हणजे ईको घरी आणायला २५९ क्विंटल धान लागायचे. २०२५ च्या मध्यावर ईकोची सुरुवातीची किंमत ५ लाख ६९ हजार होती आणि २०२५-२६ साठी धानाचा आधारभूत भाव २,३६९ रुपये ठरला. हिशेब होतो २४० क्विंटल. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी आणि उपकर मिळून २९ टक्के होता तो १८ टक्क्यांवर आला, ईको ५ लाख १८ हजारांपासून मिळू लागली. म्हणजे २१९ क्विंटल.

खत, मजुरी, डिझेल यांचा खर्च या वर्षांत कुठच्या कुठे गेला आहे, त्यामुळे शेतकऱ्याच्या हातात उरणारा पैसा या आकड्यांतून कळत नाही. तरीही एक गोष्ट यातून स्पष्ट होते. २०१० च्या ईकोत एकही एअरबॅग नव्हती, एबीएस नव्हते. आजच्या ईकोत सहा एअरबॅग आहेत, एबीएस आहे, मागे घेताना वाजणारे सेन्सर आहेत, वेग ८० च्या वर गेला की इशारा देणारी सोय आहे. एवढे सगळे वाढूनही धानाच्या मापात गाडी महाग झालेली नाही, उलट उतरली आहे. करकपात होण्याच्या आधीच उतरली होती, हे इथे मुद्दाम नोंदवले आहे.

हा हिशेब मांडण्याचे कारण आपल्याच एका निर्णयात आहे. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या मंत्रालयाने आठ प्रवाशांपर्यंतच्या गाड्यांना सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा काढला. १ ऑक्टोबर २०२२ ही तारीख ठरली. मग सुट्या भागांच्या जागतिक टंचाईमुळे ती एक वर्ष पुढे गेली. ती लांबवताना आपण म्हणाला होतात की गाडीची किंमत आणि प्रकार कोणताही असो, त्यात बसणाऱ्या प्रत्येकाची सुरक्षा सर्वांत आधी. त्या काळात कंपन्यांकडून सतत एकच सांगितले जात होते: लहान गाड्या महाग होतील, दुचाकीवरून चारचाकीवर येऊ पाहणारा ग्राहक मागे फिरेल. मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनी ही भूमिका उघडपणे मांडली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये आपण सक्तीची गरज नसल्याचे सांगितले. स्पर्धेमुळे कंपन्या आपणहून देतील असा तर्क त्यामागे होता. तो बराचसा खरा ठरला. २०२५ मध्ये मारुतीनेच ईकोत, आणि ऑल्टो, वॅगनआर, सेलेरियोतही, सहा एअरबॅग सरसकट दिल्या. रेनोच्या ट्रायबरलाही त्याच वर्षीच्या जुलैत सहा एअरबॅग मिळाल्या. ग्राहक मागे फिरला नाही. स्वस्त गाडीत सुरक्षा परवडत नाही, हा दावा यापुढे कुणी आपल्यासमोर मांडला तर सिहोऱ्याच्या धानाचा हिशेब त्याला दाखवावा.

पण इथेच एक गैरसमज रुजतो आहे, आणि तो जिवावर बेतणारा आहे.

एप्रिल २०२५ मध्ये ईकोची सात सीटर आवृत्ती जाऊन सहा सीटर आली. पुढे दोन, मधे दोन सुट्या खुर्च्या, मागे दोन. सहा सीट आणि सहा एअरबॅग. हे दोन आकडे एकाच पत्रकावर शेजारी छापले की वाचणारा काय समजेल? माणशी एक, असेच. प्रत्यक्षात त्या सहांपैकी दोन चालक आणि शेजारच्या प्रवाशासमोर असतात, दोन पुढच्याच सीटच्या बाजूला, आणि उरलेल्या दोन खिडक्यांवरून उघडणाऱ्या पडद्यासारख्या. म्हणजे सहांपैकी चार पुढच्या दोघांसाठीच आहेत. खिडकीवरचा पडदा मागे कुठपर्यंत पोचतो, शेवटच्या सीटवर बसलेल्या आजीच्या डोक्यापर्यंत येतो की मधल्या रांगेवरच संपतो, हे गाडी घेताना कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. २०२२ च्या त्या मसुद्यातही भर पुढच्या आणि खिडकीकडच्या सीटवर होता. तीन रांगांच्या गाडीत तिसऱ्या रांगेला काय मिळणार हे सामान्य वाचणाऱ्याला त्यातून उमजत नव्हते.

ताऱ्यांचेही तसेच. मे २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने ईकोची चाचणी केली, एअरबॅग नसलेल्या गाडीची. मोठ्यांच्या सुरक्षेत तिला शून्य तारा मिळाला, मुलांच्या सुरक्षेत दोन. ती ईको आता विकली जात नाही, तिच्यात बरेच बदल झाले, हे मान्य करायला हवे. पण त्या काळात विकलेल्या ईको आजही याच रस्त्यांवर आहेत, हातबदल होऊन दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेलेल्या. जून २०२१ मध्ये ट्रायबरला मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले. त्या बातमीने सात सीटर घेऊ पाहणाऱ्या कितीतरी कुटुंबांना धीर आला. हे चार तारे पुढे बसलेल्यांचे आहेत, मागे बसलेल्यांना ते लागू होत नाहीत, ही ओळ मात्र त्या बातमीत शोधावी लागे.

आता मालकांचे अनुभव. ईको चालवणारा माणूस तिच्याबद्दल तक्रार करतो आणि दुसऱ्या दमात तिचे कौतुक करतो, आणि दोन्ही खरे असते.

तिचे इंजिन पुढच्या सीटखाली आहे. लांबून आलेली गाडी थांबली की मालक सीटवरचे टॉवेल बाजूला करतो, कडी सोडतो आणि सीट मागे उलटतो. गरम वाफ तोंडावर येते. तेल बघायचे, पाणी बघायचे, सगळे इथूनच. मे महिन्यात विदर्भाचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा ही उष्णता मांड्यांना लागते. एसी पुढे बसणाऱ्याला थोडा दिलासा देतो, मागे त्याची नुसती आठवण पोचते. गाडी १,४७५ मिलिमीटर रुंद आणि १,८२५ मिलिमीटर उंच. एवढी अरुंद आणि उंच गाडी नागपूर–भंडारा महामार्गावर ट्रकच्या शेजारून जाताना वाऱ्याने हलते, हे प्रत्येक चालक सांगतो. ताकद मागच्या चाकांना मिळते, त्यामुळे रिकामी गाडी पावसात ओल्या रस्त्यावर जोरात दामटली की मागून सरकते. चार माणसे बसली की जमिनीला धरून चालते. बरीच वर्षे ती पॉवर स्टीअरिंगशिवाय विकली गेली, गल्लीत वळवताना दंड भरून यायचे.

कौतुकाची यादीही लांब आहे. सरकते दार अरुंद बोळात पूर्ण उघडते. म्हाताऱ्या माणसाला वाकून खाली बसावे लागत नाही, सरळ आत चढता येते. सीट काढल्या तर धानाची पोती मावतात. बिघाड झालाच तर कोणत्याही बाजारगावचा मिस्त्री तिला हात लावतो आणि भाग त्याच दिवशी मिळतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेले १,१९७ सीसीचे नवे इंजिन जुन्यापेक्षा हलके चालते आणि पेट्रोल कमी पिते. कंपनीने सीएनजीवर किलोला २६ किलोमीटरहून अधिक मायलेज सांगितले आहे.

सीएनजीची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे, कारण तिचा संबंध पुन्हा शेवटच्या सीटशी येतो. कंपनीची सीएनजी ईको पाच सीटरच मिळते. टाकी मागे बसते, तिथे तिसरी रांग शिल्लकच राहत नाही. ज्याला जास्त माणसे न्यायची आहेत त्याला पेट्रोल घ्यावे लागते. मग काही जण गाडी घरी आल्यावर बाहेरून किट बसवतात आणि टाकी शेवटच्या सीटच्या पाठीशी येते. टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करायची असते. ती वेळच्या वेळी झाली की नाही, हे शेवटच्या सीटवर बसलेल्या पोराला कुठून कळणार? शिवाय इकडे सीएनजीचा भरवसाही नव्हता. मार्च २०२२ मध्ये नागपुरात किलोमागे १२० रुपये भाव झाला होता, देशात सर्वांत महाग. बचतीसाठी टाकी बसवलेल्यांनी तेव्हा पुन्हा पेट्रोलवर बटण फिरवले.

ट्रायबरचे गणित वेगळे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ४ लाख ९५ हजारांपासून बाजारात आली. लांबी ३,९९० मिलिमीटर, म्हणजे करसवलतीच्या चार मीटरच्या आत बसवलेली सात सीटर. तिसऱ्या रांगेच्या दोन्ही सीट काढून घरी ठेवता येतात, मागच्यांसाठी एसीचे वेगळे झरोके आहेत. शहरातून गावी येणाऱ्या कुटुंबाला ती आवडते. सातही जण बसले की मागे सामानाला ८४ लिटर जागा उरते. एवढ्यात दोन पिशव्या आणि एक डबा मावतो. १ लिटरचे, ७२ पीएसचे इंजिन सात माणसे आणि सामान घेऊन ट्रकला ओलांडताना दमते, हे तिचे मालक आपणहून सांगतात. समोरून गाडी येत असताना ओलांडायला दोन-तीन सेकंदे जास्त लागली तर त्याची किंमत काय असते, हे आपल्याला सांगायला नको.

मग लोक पुन्हा पुन्हा जुन्याच कंपनीकडे, मारुतीकडे, का वळतात? त्यामागे अनुभव आहे. शेव्हरोले एन्जॉय २०१३ मध्ये आली आणि २०१७ अखेर कंपनीने भारतातली विक्रीच बंद केली. डॅटसन गो प्लस २०१५ मध्ये ३ लाख ७९ हजारांपासून मिळू लागली, चार मीटरच्या आतली तीन रांगांची गाडी म्हणून गाजली. एप्रिल २०२२ मध्ये डॅटसनचा कारभार आटोपला. या गाड्या घेतलेल्या माणसाने हप्ते मात्र शेवटपर्यंत भरले. सुटा भाग नागपूरहून, नागपूरलाही नसला तर आणखी लांबून मागवायचा आणि तोवर गाडी अंगणात उभी. हे पाहिलेला शेजारी सुरक्षिततेचे तारे मोजण्याआधी मिस्त्रीचे घर किती लांब आहे ते मोजतो. त्याला दोष देता येत नाही.

शोरूममधला अनुभवही सांगायला हवा. जाहिरातीतली किंमत आणि ‘ऑन रोड’ यांत किती अंतर पडते, ते पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याला टेबलावर बसल्यावर कळते. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के वाहनकर, म्हणजे ५ लाख १८ हजारांवर साधारण ५७ हजार. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८ पासून एकदमच भरावा लागतो. मग नंबर प्लेट, फास्टॅग, मॅट, सीट कव्हर. हे सीट कव्हर नीट पाहिले पाहिजे. जाड रेक्झिनचे, मागची सीट पूर्ण झाकणारे कव्हर बसवताना पट्ट्याची कडी त्याखाली दाबली जाते. एमएच ३६ ची पाटी लागून, नारळ फुटून गाडी दारात येते तेव्हाच मागच्या रांगेचा पट्टा गाडला गेलेला असतो. पुढे कुणी तो वापरायचे म्हटले तरी हात घालून शोधावा लागतो, आणि यात्रेच्या घाईत कुणी शोधत नाही.

पट्ट्याची किंमत आपल्याच मंत्रालयाच्या अहवालात आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली १६,७१५ माणसे पट्टा न लावलेली होती: ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. जवळजवळ निम्मी माणसे गाडी चालवत नव्हती, नुसती बसली होती. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले तेव्हा मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा देशभर झाली आणि आपण तो विषय लावून धरला. ती महागडी गाडी होती, तिच्यात एअरबॅग होत्या. तरी मागे पट्टा लावलेला नव्हता म्हणून जीव गेला, हे सगळ्यांना कळले. स्वस्त व्हॅनच्या तिसऱ्या रांगेत बसलेल्याकडे तर पाठीमागे हातभर जागाही नसते. मागून ट्रक आदळला तर त्याच्या आणि ट्रकच्या मध्ये उरतो तो एक पत्र्याचा दरवाजा आणि काच. समोरच्या धडकेत इंजिन, डॅशबोर्ड, दोन रांगा पुढे असतात, म्हणून मागे बसलेला सुरक्षित, असा समज गावात घट्ट आहे. लहान मुलांना मुद्दाम मागे पाठवतात ते त्यामुळेच.

विम्यातही तोच प्रवासी बाहेर राहतो. गाडीमालक-चालकासाठी १५ लाखांचे अपघात संरक्षण २०१८ पासून आहे. रस्त्यावरच्या तिऱ्हाईताला थर्ड पार्टी विमा आहे. पण खासगी गाडीत बसलेला पाहुणा नुसत्या थर्ड पार्टी विम्यात येत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. त्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते. गाडी जुनी होत जाते तशी पॅकेज पॉलिसी सुटते, कारण हप्ता जड जातो आणि पोलीस थर्ड पार्टीचाच कागद बघतात. शेजाऱ्याने पेट्रोलचे पैसे दिले आणि ते भाडे ठरले, तर पांढऱ्या पाटीच्या गाडीचा दावा आणखीच अडचणीत येतो. मध्यरात्री बाळंतिणीला घेऊन निघालेल्या माणसाने तेव्हा पॉलिसीचे कलम वाचायचे का?

गडकरी साहेब, डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत आपण कबूल केले की अपघात कमी करण्यात यश आलेले नाही. मंत्र्याने असे बोलायला धैर्य लागते. त्याच भरवशावर हे मागणे आहे, आणि ते फार खर्चाचे नाही.

तीन रांगांची जी गाडी विकायची असेल तिच्या माहितीपत्रकावर आणि शोरूममधल्या गाडीच्या काचेवर सीटवार चित्र सक्तीचे व्हावे: कोणत्या सीटला तीन ठिकाणी धरणारा पट्टा आहे, कोणत्या सीटवर एअरबॅग पोचते, कोणत्या सीटची चाचणी झाली आणि कोणत्या सीटची झाली नाही. चित्र असावे, कारण कागद वाचणारा मालक असतो आणि शेवटच्या सीटवर बसणारी बहुतेकदा त्याची आई किंवा लेक असते. चित्र तिलाही कळेल. डिलरने बसवून दिलेल्या सीट कव्हरखाली पट्ट्याची कडी दबली असेल तर गाडी ताब्यात देण्यावर बंदी यावी. गाडी सोडण्यापूर्वीच्या तपासणीत एक ओळ वाढवली की काम होते. प्रवाशांचे संरक्षण सक्तीच्या विम्यात आणायचा विषय एकट्या आपल्या मंत्रालयाचा नाही, अर्थ मंत्रालयाशी बोलावे लागेल. आपण बोललात तर ते ऐकतील.

आणि चाचणी. भारत एनकॅप अजून ऐच्छिक आहे. कंपनीने गाडी पाठवली तर तारे. ज्या गाड्यांत सर्वांत जास्त माणसे, सर्वांत कमी पैशात, सर्वांत वाईट रस्त्यांवरून जातात त्या गाड्या आधी तपासल्या जाव्यात, अशी अपेक्षा सिहोऱ्याने ठेवली तर ती अवाजवी नाही. योजनेचा पुढचा, अधिक कडक टप्पा २०२७ साठी आपल्या मंत्रालयाच्या विचारात आहे. तो अंतिम होण्याआधी त्यात एक कलम यावे: ज्या गाडीला तिसरी रांग आहे, तिच्या तिसऱ्या रांगेतही पुतळा बसवून चाचणी होईल, आणि तिथला निकाल गाडीच्या ताऱ्यांत धरला जाईल.

कळावे,
सिहोरा, ता. तुमसर, जि. भंडारा